कॉइलला सोसेल इतकेच वॅट

मंगळवार, संध्याकाळ

रविवारी मंडळात व्हेपविरुद्ध बोलायचंय, आणि आज माझाच दीर, बोटीवरचा इंजिनिअर, आमच्या हॉलमध्ये व्हेप, म्हणजे ती ई-सिगारेट, काढून बसला! या देशात ते नुसतं जवळ सापडलं तरी दंड, नोकरीही जायची. मी कडाडले. तो शांतपणे वॅट कमी करत म्हणाला, "वहिनी, आतल्या तापणाऱ्या कॉइलला सोसतील तेवढेच वॅट द्यावेत. जास्त दिले की तिच्यातला कापूस जळतो. तुमच्या भाषणाचं तसंच होतं."

जळका कापूस? माझं भाषण?

मग आवाज उतरवून एवढंच विचारलं, "भाऊजी, तुम्हाला या देशातून हाकललं तर आईंना काय सांगू?"

त्याने व्हेप माझ्या हातात ठेवलं.

जळका कापूस म्हणे!

उद्या ते कम्युनिटी सेंटरच्या, दंडाविना व्हेप जमा करायच्या पेटीत टाकायचं. तोवर ते माझ्याच पर्समध्ये. वाटेत एमआरटी मेट्रोत तपासणी झाली, तर रविवारी बोलणार कोण?