शांतता, अभ्यासाचं शूटिंग चालू आहे

सोमवार, सकाळी ९.४०
आजपासून मोबाइल बंद म्हणजे बंद. संख्याशास्त्राचा पेपर पुढच्या सोमवारी. तिसऱ्यांदा बसतोय, या वेळी राहिला तर वर्ष गेलं. ताईला फोनवर शब्द दिला. ती म्हणाली, तुझे शब्द ठेवायला आता घरात जागा उरली नाही. तिला माझी जिद्द माहीत नाही.

११.१५
मोबाइल बंद करतोय हे लोकांना कळायला हवं, म्हणून तशी रील टाकली. एकशे बारा लाइक. आता ते बघण्यापुरता तरी चालू ठेवणं भाग आहे.

मंगळवार
मुळावरच घाव घातला. लक्ष सगळ्यात जास्त उडतं ते वर्गाच्या ग्रुपमुळे. दिवसभर नोट्स, नोटिसा, सरांचे निरोप. नुसता वैताग. म्यूट करून टाकला. मन कसं हलकं झालं. मग तीन तास रील्स पाहिल्या, पण त्या एकाग्रता कशी वाढवावी यावरच्या.

बुधवार
नवी युक्ती. मोबाइल स्टँडवर लावून अभ्यासाचं लाइव्ह करायचं, म्हणजे हातात घेता येणार नाही. चारशे लोक बघत असताना माणूस झोपेल कसा?
झोपलो. बघणारे वाढले.

गुरुवार, दुपार
लाइव्ह रंगात आलेलं आणि रूममेट आत घुसला. आमच्याच वर्गातला, सतत वाचतो म्हणून सगळे त्याला प्रोफेसर म्हणतात. पेपरबद्दल काहीतरी सांगायला लागला. मी भिंतीवरच्या 'शांतता' पाटीकडे बोट दाखवलं. ग्रुपवर बघ म्हणाला आणि कपाळावर हात मारून गेला. जळतात लोक.

शुक्रवार, सकाळी ८.३०
प्रोफेसर दारातून काहीतरी ओरडला. कानात हेडफोन. मी अंगठा दाखवला, तो गेला.

दुपारी १.२०
'फक्त तीन दिवस!' अशी झकास रील टाकली. तेवढ्यात प्रोफेसरचा फोटो आला. अख्खा वर्ग पायऱ्यांवर, खाली 'सुटलो एकदाचे'. सवयीने लाइक केलं, 'ऑल द बेस्ट' लिहिलं. मग फोटो मोठा करून पाहिला. सगळ्यांच्या हातात प्रश्नपत्रिका. संख्याशास्त्राची.

ग्रुप उघडला. काल सकाळची सरांची नोटीस: सोमवारचा पेपर शुक्रवारी, नऊ वाजता.

१.४५
ताईने माझ्या रीलला लाइक केलंय. आयुष्यात पहिल्यांदा. खाली लिहिलंय, शाब्बास रे, या वेळी तू करून दाखवणार. आईलाही दाखवली म्हणे.

मोबाइल बंद केला.