एलियटसाठी दिलेला अकरावा क्रमांक

४ ऑक्टोबर

डेमियनशी पुन्हा वाद. फुटबॉलचा प्रशिक्षक म्हणून उत्तम, पण खेळाडूंच्या अदलाबदलीतलं त्याला ओ की ठो कळत नाही; ते माझं काम. ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवी पोरं निवडण्यात, यंदा आमची पाळी अकरावी. "ग्लेनिस, ड्राफ्टमधला अकरावा क्रमांक हातात आहे आणि तो देऊन टाकायचा? वेड लागलंय का तुला?"

नाही रे बाबा! एलियट येतोय. त्याचे वडील, रॉस, आपल्याकडून एकशे सेहेचाळीस सामने खेळले. शंभरावर खेळलेल्या माणसाच्या मुलाने बापाच्या क्लबसाठी सही केली, तर पहिला हक्क आपला. ड्राफ्टमधल्या प्रत्येक क्रमांकाला ठरलेले गुण असतात; दुसऱ्या क्लबने त्याच्यावर बोली लावली तर त्या क्रमांकाएवढे गुण भरायचे — आणि ते मागचे चार-पाच क्रमांक एकत्र करूनही भरता येतात. मोठी नोट मोडून सुटे घ्यायचे, एवढंच. मेलबर्नमध्ये हे माझ्याइतकं कुणालाच जमत नाही. (इथे लिहायला काय हरकत आहे?)

७ ऑक्टोबर

रॉसकडे जेवायला. जनीनने कोकराची तंगडी भाजलेली. एलियट अठरा वर्षांचा, मान अजून कोवळी, तीनदा वाढून घेतलं. डाव्या पायाची किक मात्र — देवा! विचारलं, "बाबांचा नंबर हवा का जर्सीवर?" तर म्हणाला, "नंबर कुठलाही द्या. ड्रेसिंग रूममधलं कपाट तेवढं क्लेटनशेजारचं द्या."

म्हणजे येतोय! पक्कं.

बाहेरगावहून निवडलेली पोरं आम्ही पहिली दोन वर्षं कुणाच्या तरी घरी ठेवतो. तेरा वर्षांपूर्वी क्लेटन कलगूर्लीहून आमच्या संघात आला, तेव्हा मीच त्याला रॉसच्या घरी आणून सोडलं होतं. एलियट तेव्हा पाच वर्षांचा. मागच्या गल्लीत दोघं अंधार पडेपर्यंत चेंडू मारत बसायचे. जनीन त्या खोलीला अजून क्लेटनची खोलीच म्हणते.

१० ऑक्टोबर

खाडीपलीकडच्या क्लबचा विन्स. त्याला अकरावा हवाय. भलताच हवाय. तंगवते दोन दिवस.

१३ ऑक्टोबर

विन्स चोविसावा, सत्ताविसावा आणि तेहतिसावा द्यायला तयार. "क्लेटनही दिलास तर अडतिसावा वर." रात्रभर विचार करायची गरजच पडली नाही. क्लेटन एकतीसचा, गुडघा कुरकुरतो, करार अजून दोन वर्षांचा. एलियटचे गुण भरून वर उरतील! डेमियनलाही हिशोब पटला. शेवटी म्हणाला, "क्लेटनला समोर बसवून सांग." तो आईकडे कलगूर्लीला गेलाय. अदलाबदल परवा बंद. समोर कसं बसवू?

१५ ऑक्टोबर

झालं!! मुदत संपायला दहा मिनिटं असताना कागद गेले.

करारातल्या खेळाडूची संमती लागते, म्हणून सात वाजता क्लेटनला फोन लावला. मागे कुठेतरी टीव्ही चालू होता. सगळं ऐकून त्याने एवढंच विचारलं, "डेमियनला नकोय मी, की तुला?" म्हटलं, यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही, यादीचा प्रश्न आहे. मग म्हणाला, "पाठव कागद. नको असलेल्या जागी राहून काय करू?" शहाणा माणूस. काहीजण रडतात, वकील आणतात.

ऑफिसात सगळ्यांना बिअर.

१६ ऑक्टोबर

पेपरात आमच्या सौद्याला दहापैकी नऊ! कात्रण फ्रिजवर लावलं. मासे-चिप्सवाल्याने मात्र ऐकवलंच — "तेरा वर्षं राबला तो तुमच्यासाठी. फोनवर काढलात म्हणे?" लोक मनाने बघतात, मी यादी बघते. म्हणून तर पगार मला मिळतो. चिप्स आज कमी घातल्या त्याने, हे लक्षात आलं माझ्या.

२१ ऑक्टोबर

एलियटचा कागद अजून नाही. जनीनला निरोप ठेवला होता, तिचा उलट फोन नाही. बारावीची परीक्षा आहे पोराची, घर त्याच गडबडीत असणार. सहीची मुदत चोवीसची. क्लेटनशेजारचं कपाट रिकामं करून ठेवायला सांगितलंय. आता तिथे दोन्ही कपाटं रिकामी आहेत, हवं ते घेऊ दे.

२४ ऑक्टोबर

रॉस आला. न कळवता, कामाच्या कपड्यांत. म्हटलं, फोन करायचास ना, एवढ्या लांब कशाला आलास? म्हणाला, "आमच्या घरात असलं काही फोनवर सांगत नाहीत, ग्लेनिस."

एलियट सही करणार नाही. खुल्या ड्राफ्टमध्ये उतरतोय, म्हणजे आमचा पहिला हक्क गेला. क्लेटन जिथे आहे तिथे जायचं म्हणतो. विन्सच्या क्लबकडे आता माझाच अकरावा आहे.

लाज वाटली. माझी पहिली निवड आता चोविसावी.