चौऱ्याऐंशी पाककृतींचे कुलूप

डोंबिवली (पूर्व),
दि. १८ फेब्रुवारी १९९९

ती. सौ. कांतावहिनींस शालनचा साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. तुमचा गुडघा कसा आहे ते कळवावे. "बरा आहे" हे उत्तर धरले जाणार नाही; दिवसाला किती जिने चढता ते आकड्यांत लिहावे. दादा सकाळी फिरायला जातो की नुसते बूट घालून बसतो, तेही लिहावे. (मागच्या खेपेस पाहिले तेव्हा त्याच्या बुटाच्या तळव्याला दुकानातली किमतीची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती.) टिटवाळ्याला तुमच्या घरी फोन येईपर्यंत शेजारच्या बंगल्यात फोन करावा लागतो, आणि ते गृहस्थ निरोप देण्याऐवजी स्वतःचे मत देतात, म्हणून हे पत्र.

निवृत्तीनंतर चार महिने मी घरी बसून पाहिले. ते मला जमले नाही. म्हणून ठाकुर्लीला पिठाच्या गिरणीच्या वर जो कॉम्प्युटर क्लास आहे, तिथे वेबसाइट तयार करण्याचा कोर्स घेतला. (खाली गिरणी असल्यामुळे वर्गातल्या सर्व यंत्रांवर पीठ असते. आपण टाइप करून उठलो की पुढच्या माणसाला आपण कोणकोणती बटणे दाबली ते कळते. गुप्तता या विषयाची सुरुवातच तिथे अशी झाली.) शिकवतो तो काळुराम म्हात्रे, खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, माझाच विद्यार्थी. सातवीत त्याने नकाशात उल्हास नदी समुद्रातून काढून डोंगरावर चढवली होती. आता मी त्याला सर म्हणते, कारण वर्गात शिस्त हवी. तो मला बाई म्हणतो, कारण त्याला दुसरे काही सुचत नाही. आणि बोलताना आम्ही दोघेही उभे राहतो, त्यामुळे बराच वेळ जातो.

आमच्या महिला मंडळाचे यंदा पंचविसावे वर्ष. अध्यक्षा मी. प्रत्येक सभासद भगिनीने घरातली एक खास पाककृती द्यायची, मी ती वेबसाइटवर ठेवायची आणि तिच्यातूनच सात मार्चच्या समारंभासाठी पुस्तिका छापायची, असे ठरले. क्लासात येऊन प्रत्येकीने आपले नाव आणि आपला गुप्त शब्द टाइप करायचा, की तिचे पान उघडेल. दुसरीचे उघडणार नाही. चौऱ्याऐंशी कृती मी स्वतः दोन बोटांनी टाइप केल्या आणि मूळ कागद रद्दीत दिले. चिटणीस मालूताई म्हणाल्या, कागद राहू द्या, ते कुठे खायला मागतात. मी त्यांना सर्वांसमोर ऐकवले की एकविसावे शतक दारात आले आहे.

ओळख म्हणून मी नाव धरले. माणसाची ओळख म्हणजे नाव, यात विचार करण्यासारखे काय आहे? काळुरामसर मात्र उभे राहून म्हणाले, "बाई, नावावर जाऊ नका. आमच्याकडे घरात नवी सून आली की होडीचं नाव बदलतात, पण होडीवरचा नंबर तोच राहतो. बायकांना नंबर द्या." मी म्हटले, माझ्या सभासद भगिनी होड्या नाहीत. ते बसले.

डिसेंबरात मालूताईंच्या शेवंतीचे लग्न झाले, शीळफाट्याजवळ दिली. जानेवारीत ती सासूबाईंना घेऊन आपले पान दाखवायला आली आणि ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेले नवे नाव तिने टाइप केले. यंत्राने स्वच्छ सांगितले की अशी कोणी सभासद नाही. सासूबाईंना वाटले, हे मीच सांगते आहे. मालूताई म्हणाल्या, शेवंती लिही, लगेच उघडेल. सासूबाई म्हणाल्या, ते नाव आता बंद झाले. शेवटी एका मुलीची दोन पाने झाली: एकावर माहेरची तांदळाची बोरे, दुसऱ्यावर सासरची तांदळाची बोरे, कृती तीच, फक्त गूळ जास्त. त्यानंतर लक्षात आले की अकरा जणींची अशीच दोन-दोन नावे आहेत, आणि जनाबाईंनी तर 'चांगदेवची आई' एवढेच नाव दिले होते, कारण दुसऱ्या नावाने त्यांना आळीत कोणी ओळखत नाही. (मला हे आधी सुचले नाही, हे मान्य करते. माझे लग्न झाले नाही. जन्मापासून माझे एकच नाव आहे आणि तेच मी इतरांना शिस्त म्हणून लावले.)

गुप्त शब्दाची गोष्ट याहून वाईट. मी फळ्यावर लिहिले होते, असा शब्द निवडा की जो तुम्ही तोंडाने कधीही उच्चारत नाही. भगिनींनी आज्ञा तंतोतंत पाळली. चौऱ्याऐंशींपैकी एकसष्ट जणींनी नवऱ्याचे नाव निवडले. जे नाव आपण घेत नाही ते गुप्तच, असा त्यांचा हिशेब. मग ते दारावरच्या पितळी पाटीवर का असेना. (हे मला कळले कारण तक्त्यात सगळ्यांचे शब्द उघडेच दिसत होते. ते वाचू नयेत हा नियम मीच केला होता. मोजण्यापुरता मोडला.) जनाबाईंचे पान उघडेना तेव्हा मी सहज विचारले, शब्द तरी काय आहे? त्या लाजल्या, पदर सारखा केला आणि भर वर्गात समई, चांदीचे ताट आणि कुंडलिकराव यांच्यासह पूर्ण उखाणा घेतला. दहा-बारा जणींनी टाळ्या वाजवल्या आणि घरी जाताना विचार केला.

दुसऱ्या दिवशी जनाबाईंच्या करंज्यांत मीठ दोन वाट्या झाले होते. मालूताईंच्या सुरळीच्या वड्यांखाली (गुप्त शब्द: दामाजी) कोणीतरी लिहिले, "ही कृती घरी करून पाहू नये." तिसऱ्या दिवशी पुरणपोळीत फिनेल आले. चौकशी केली तर जी ती म्हणते, माझे पान मी सोडून कोण उघडणार, गुप्त शब्द आहे ना.

मी तडक उपाय केला. मीठ, फिनेल वगैरे काढून सर्व कृती पूर्ववत केल्या आणि माहितीची जी मूळ फाईल असते, तिलाच माझे एकटीचे कुलूप घातले. वर्गात आठ मिनिटे भाषणही दिले: गुप्त शब्द नवऱ्याचा नसावा, मुलाचा नसावा, कुठे लिहून ठेवू नये, कोणाला सांगू नये, आणि पोस्टाने तर मुळीच पाठवू नये. ते भाषण सर्वांना पटले. फाईल मी दिवसभर उघडीच ठेवत असे, यंत्रही बंद करत नसे, त्यामुळे दोन आठवडे काही अडचण आली नाही. मग गेल्या सोमवारी गिरणीची मोटर जळली आणि इमारतीची वीज गेली. वीज परत आल्यावर फाईलने मला कुलपाचा शब्द विचारला.

काळुरामसर म्हणाले, "बाई, तुम्ही कुलूप इतकं चांगलं लावलंय की ते माझ्यानंही निघत नाही." शिक्षिका म्हणून मला क्षणभर बरे वाटले. पण छापखान्याला मजकूर एक मार्चला द्यायचा आहे, कागद रद्दीत गेले आहेत, आणि मालूताई रोज संध्याकाळी येऊन एकविसावे शतक कुठवर आले ते विचारतात. पुस्तिका निघाली नाही तर अध्यक्षपद मी आपणहून सोडीन. पण चौऱ्याऐंशी बायकांनी माझ्या भरवशावर दिलेले मी कुठून परत देणार?

बाकी क्षेम. गुडघ्याला तेल लावावे, मलम नको.

तुमची,
शालन

ता. क. १ : कुलपाचा शब्द म्हणून मी डोंबिवलीत कोणालाही माहीत नसलेली गोष्ट निवडली होती: तुमचे माहेरचे नाव. संक्रांतीला तुमच्या आत्याबाईंनी तुम्हाला स्वयंपाकघराच्या दारातून त्या नावाने हाक मारली, तुम्ही चटकन वळलात, आणि ते नाव माझ्या कानात राहिले. आता राहिलेले नाही. शब्द लिहून ठेवायचा नाही या नियमामुळे डायरीत फक्त "वहिनींचे माहेरचे नाव" एवढेच आहे. बावीस नावे घालून पाहिली. कृपया उलट टपाली कळवावे. पोस्टकार्डावर नको, आंतर्देशीय पत्रात.

ता. क. २ : बुधवारी शेजारच्या बंगल्यात फोन करून दादाला बोलावले होते. तुम्ही देवळात गेला होता. त्याला विचारले. तो म्हणाला, "कांता." मी म्हटले, अरे, ते आपण ठेवलेले. मीच सुचवले होते, कारण आमच्या कॉलेजात कांता नावाची मुलगी पहिली आली होती. त्यावर तो म्हणाला, लग्नपत्रिका शोधतो. मागून ते शेजारचे गृहस्थ म्हणाले, वहिनींनाच विचारा की. त्यांचे हे पहिलेच मत मला पटले. मी तुम्हाला हे सांगितल्याचे दादाला सांगू नये.

ता. क. ३ : फाईल उघडली की माझ्या पानावर डिंकाचे लाडू निघतील. ते तुमचे आहेत. मंडळात गेली एकोणीस वर्षे ते माझे म्हणून ओळखले जातात. छापण्यापूर्वी तिथले माझे नाव काढते आहे. (माझ्या नावावर मग काय राहील, हा प्रश्न आहे. मला चहा येतो.) काळुरामसरांचे ऐकून सगळ्या भगिनींना आता नंबर दिले, तुम्हाला पंच्याऐंशी. त्यामुळे नाव कोणतेही असले तरी लाडू हरवणार नाहीत. पण नंबराखाली नाव छापावेच लागते, आणि ते कोणते, हे या वेळी मी सुचवणार नाही. दोन्ही हवी असतील तर तसे कळवा. ओळ लांब करीन.