जवसाच्या तेलाचा ब्रेक

९ फेब्रुवारी १९५४, मंगळवार

ब्रेक गेला! म्हणजे अगदीच गेला नाही – पहिल्या दाबाला पाय थेट तळाला टेकतो, दुसऱ्याला अर्ध्यावर, तिसऱ्याला कुठे गाडी थांबायचा विचार करते. आज बाजारात ती थांबली ती कडब्याच्या बैलबंडीवर. बंडीवाला म्हणतो, "शेटजी, यापेक्षा तुमच्या घाण्याचा बैल बरा. हो म्हटलं का थांबते!" सगळा बाजार हसला. मीही हसलो, काय करणार?

पण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. बावीस तारखेला नलूला आठवा लागतो. आठव्यात लेकीला प्रवास करू देत नाहीत. म्हणजे त्याआधी तिला बाळंतपणासाठी जामहून इथं हिंगणघाटला आणायचं. बारा मैल. गेल्या वर्षी बंडीतून आणली. मीच म्हटलं होतं, बंडी काय वाईट आहे? घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मेलेलं मूल जन्मलं. मला कोणी एका शब्दानं बोललं नाही. म्हणून तर ही जुनी मोटार घेतली. चालवायला शिकलो, या वयात.

१० फेब्रुवारी

ब्रेकच्या नळीत हवा शिरली आहे. वर्ध्याच्या नत्थूजी मिस्त्रीनं गाडी घेताना सांगितलं होतं – एकानं आत बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं चाकामागचा पेच सैल करायचा. तेलाबरोबर हवा बाहेर येते. पेच आवळायचा, मगच पाय सोडायचा. इतकं सोपं!

ब्रेकवर पाय द्यायला भरवशाचं माणूस एकच, नलूची आई. पदर खोचून आली. मी गाडीखाली.

"दाब!" "दाबलं." "धर!" "धरलं." "सोड!"

तेल डोळ्यात. धोतर गेलं. तीस वेळा केलं, ब्रेक होता तिथंच.

ही म्हणाली, "तुमी पेच लावाच्या आधीच सोड म्हणून राह्यले. हवा परत आत जात असन." मी म्हटलं, बायकांना यंत्रातलं काय कळतं! हे इथं मुद्दाम लिहून ठेवतो.

११ फेब्रुवारी

पुन्हा चाळीस वेळा. ब्रेकचं तेल संपलं. गावात मिळत नाही. हिच्याशी बोलणं बंद (तिच्याकडून).

१२ फेब्रुवारी

डोकं चाललं! तेल नाही म्हणून अडून बसणारा मी कोण? चार पिढ्या आमच्या तेलात गेल्या! घाण्याचं ताजं जवसाचं तेल, तीनदा फडक्यातून गाळलं आणि दिलं ओतून. तेल ते तेल. घाण्यावर कामाला असलेल्या भाच्यांपैकी एकाला ब्रेक दाबायला बसवलं. ब्रेक दगडासारखा कडक झाला! मिस्त्रीची गरजच नाही.

ही दारातूनच म्हणाली, "वास तर भज्याचा येऊन राह्यला."

१४ फेब्रुवारी

परवापर्यंत ब्रेक लागत नव्हता, आज सुटत नाही. चारही चाकं जाम. सहा जणांनी ढकलली, वीतभर सरकली नाही. अंगणात मधोमध उभी आहे. कोंबड्या टपावर बसतात.

नत्थूजीला तार केली.

१५ फेब्रुवारी

नत्थूजी सकाळच्या गाडीनं आला. चाक उघडलं, बोट लावलं, हुंगलं आणि तिथंच मटकन बसला. "शेटजी, हे तर जवस व्हय!" इतका हसला की हिनं त्याला पाणी नेऊन दिलं.

आतलं रबर दाखवलं. भिजल्या वालासारखं फुगलं होतं. "खायाच्या तेलानं रबर फुगते जी. आता तेल्याले तेल मीच शिकवू काय?" मी मान खाली घालून ऐकलं. नवं रबर नागपूरहून मागवावं लागेल म्हणाला, तीन दिवस. मी बोटं मोजली. होईल. व्हायलाच पाहिजे.

१८ फेब्रुवारी

रबर घेऊन नत्थूजी पुन्हा आला. त्यानं सगळ्या नळ्या स्पिरिटनं धुतल्या, खरं तेल भरलं आणि त्याची आगगाडी सुटायची वेळ झाली. "हवा तुमी काढून घेजा. लांबच्या चाकापासून. बाईले बसवजा, भाच्याले नोका बसवू."

गेलो स्वयंपाकघरात. म्हटलं, चूक माझी होती. या वेळी तू सांगशील तसं. तिनं भाकरी उलटली, शेवटची भाजेपर्यंत मला ताटकळत उभं ठेवलं. मग आली.

"लावला पेच?" "लावला." "नीट पाहा." "लावला गं!" "मंग सोडतो."

चार चाकं, एक तास. शेवटी नुसतं तेल आलं, बुडबुडा नाही. एका दाबात ब्रेक लागला! ही पदर झटकून पुन्हा चुलीकडे गेली.

१९ फेब्रुवारी

नदीच्या उतारावर वीस वेळा थांबून पाहिलं. वीसही वेळा थांबली. धुणं धुणाऱ्या बायकांना मी वेडा झालो असं वाटलं असणार.

२० फेब्रुवारी

उद्या जाम. हिनं मागच्या बैठकीवर दोन गाद्या अंथरल्या.

२१ फेब्रुवारी, रविवार

हिला बरोबर नेऊन नलूला आणलं. बारा मैलांना तीन तास – सायकलवाले पुढे गेले. प्रत्येक खड्ड्याला मी विचारायचो, "दुखलं का?" शेवटी मागून नलू म्हणाली, "बाबा, असे भिऊन नोका चालवू. त्या टायमाले बंडीनं काई नाई झालं. बाळ निघाच्या दोन दिवस आधीच हालायचं थांबलं होतं. मी कोणाले सांगतलंच नाई. वाटलं, आईजवळ गेली का हालन."

हिनं विचारलं, "अन हे?"

"हे तं दम घेऊ देत नाई."

मी गाडी कडेला घेतली आणि लेकीसमोर ढसाढसा रडलो. वर्षभर पोरीनं हे एकटीनं पोटात ठेवलं. मग नलूच म्हणाली, "चला बाबा, मले भूक लागली."