अंकुरचं पाठांतर

१२ जून २०२४, अमरावती
अंकुरने आज ‘राम’ शब्द सगळ्या विभक्तींत चालवला. प्रथमेपासून संबोधनापर्यंत, न अडखळता. वय वर्षे साडेतीन! माझ्या बी.ए. संस्कृतच्या मुलांना हे जमत नाही. ते थेट गाईड उघडतात. शेजारचे पंजाबराव फाटकातूनच — “सरजी, पोट्टं तं पंडित हाय तुमचं.” मी नम्र दिसायचा प्रयत्न केला. अंकुरची आई गीतांजली आत निघून गेली. तिला कौतुकाचं वावडंच आहे.

२० जून
बालवाडीच्या बाई म्हणाल्या, हाक मारली तरी बघत नाही, एकदा दाखवून घ्या. म्हटलं, समाधी लागत असेल. बाई हसल्या नाहीत.

४ जुलै
दाखवलं. गीतांजली म्हणाली, “तुमीच जा.”
प्रियदर्शनीताई थेरपिस्ट आहेत, अशाच लहान मुलांबरोबर काम करतात. माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या असतील. तासभर सतरंजीवर बसून त्याच्याशी खेळल्या. मी हौसेने ‘राम’ म्हणवून घेतला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. मग — “सर, तहान लागली की हा काय करतो?”
मी म्हटलं, पाणी गीतांजली देते.
ताई म्हणाल्या, स्वमग्नता — ऑटिझम. शब्द संस्कृत, तरी अर्थ मला विचारावा लागला. “पाठांतर वाईट नाही, सर. पण त्याला मागता यायला हवं. जितकं लवकर तितकं बरं. थोडे दिवस म्हणवून घेणं थांबवा.”
संबोधन पाठ असलेल्या मुलाने मला अजून एकदाही हाक मारलेली नाही. हे तिथे, त्या सतरंजीवर लक्षात आलं.

५ जुलै
पाठांतर बंद. घर फार मोठं वाटलं.

१९ जुलै
रोज संध्याकाळी पाण्याचा पेला धरून त्याच्यासमोर बसतो. लगेच द्यायचा नाही, वाट पाहायची — ताईंची सूचना. मी वाट पाहतो. तो पेल्याकडे बघतो, माझ्याकडे बघत नाही, आणि शहाण्यासारखा म्हणायला लागतो — रामः, रामौ, रामाः.
त्याला वाटतं, मला तेवढंच हवं असतं.

२७ जुलै
तास झाले नाहीत, दुपारीच घरी आलो. अंकुर गीतांजलीचं बोट धरून तिला माठापाशी नेत होता. तिचा हात उचलून त्याने माठावर ठेवला. तिने पाणी दिलं. दोघांनाही त्यात नवल वाटलं नाही.
“हे कधीपासून?”
“सालभर झालं. अकोल्याले माहेरी गेली होती, तवाच दाखवलं त्याले. तिथल्या मॅडमनं शिकवलं. तुमच्यासमोर नाही मागत तो.”
“मग मले काहून नाही सांगितलं?”
“तुमी लय खूश होते.”