विहिरीवर उतरलेले चतुर

२२ सप्टेंबर
आज उलगडा झाला. कारखान्यात गाड्या रंगवतात त्या पेंट शॉपमध्ये माझं काम डाग शोधायचं. ट्यूबच्या उजेडात मान तिरकी करून पत्रा न् पत्रा बघायचा. यार्डात उभ्या काळ्या गाड्यांच्या बॉनेटवर बारीक खड्डे पडत होते, कशाने ते कोणाला कळेना. आज डोळ्यांनी पाहिलं. चतुराची मादी शेपटी टेकवत होती, तापल्या पत्र्यावर अंडी घालत होती. ती अंडी भाजून रंग खातात. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, "तिला ते तळंच वाटतं. चकाकीवरून त्यांना पाणी कळतं. काळं, तेलकट काही असलं की खऱ्या पाण्याहून जास्त पाणी दिसतं त्यांना."
बिचारी. हसू आलं मला.

२७ सप्टें.
घरच्या विहिरीवर चतुरांचे थवे. सासूबाई खूश. "चतुर खाली उतरलं म्हंजी पाऊस येतोय. हीर भरंल बघ." धाकटे दीर ह्याच विहिरीचं पाणी टँकरने चऱ्होलीच्या सोसायट्यांना देतात, तेही खूश.
मलाच बरं वाटत नाहीये. मॅडमचं ते वाक्य... असो.

२९ सप्टें. सुट्टी
विहिरीत वाकून पाहिलं. सरळ बघितलं तर पाणी नितळ. सवयीने मान तिरकी केली. जांभळा, हिरवा, मग तांबूस. मी हलले की रंगही सरकतात, कबुतराच्या मानेवरचे सरकतात तसे. त्यावर चतुर, पंख पसरून. टेकलेला एकही उठत नव्हता.
विहिरीच्या वरच्या अंगाचा जमिनीचा तुकडा भाऊजींनी भंगारवाल्याला भाड्याने दिलाय. तिथे कंपन्यांचे तेला-रसायनांचे रिकामे पिंप धुतात. घरात सगळ्यांना माहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

२ ऑक्टो.
पाण्यावर तेलाचे रंग दिसतात, मान तिरकी करून बघा, असं बोलले एकदाची. भाऊजी जेवत होते. "वहिनी, डाग शोधायचा पगार कंपनी देती. घरात कशाला शोधता?" मग जरा हळू, "पानी चांगलं हाय. आमी ल्हानपणापासून पितोय."
सासूबाईंनी त्यांना अजून एक भाकरी वाढली. भाऊजींच्या बायकोला, स्वातीला, सहावा लागलाय. ती समोर बसून तेच पाणी पीत होती.
भीती वाटते मला. दुसरं काय लिहू.

३ ऑक्टो.
तपासायला द्यायची म्हणून विहिरीच्या पाण्याची बाटली भरून ठेवली होती. कामावरून आले तर धुऊन पालथी घातलेली. कोणी धुतली ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

६ ऑक्टो.
पाऊस नाही.
सकाळी स्वयंपाकघरात एक चतुर शिरला. उघड्या हंड्यावर घिरट्या, शेपटी बुडवायची, उडायचं, परत यायचं. स्वाती हसली. "ताई, ह्यालापण आपलंच पाणी गोड लागतंय." तांब्या बुडवायला वाकली.
मी तिचा हात धरला. "नको पिऊ."
जोरात धरला असावा, ती घाबरली. सासूबाईंनी तिच्या पोटाकडे पाहिलं, मग हंड्याकडे. आणि मग त्यांनी मान तिरकी केली.
बाहेर टँकर चालू झाला होता, भाऊजी चऱ्होलीला निघाले होते.