रूपालीच्या मशीनमधलं भाकरीचं दुकान

५ जानेवारी, सोमवार
नातसून रूपाली परत मशीन मांडीवर घेऊन बसली. पुण्याच्या कंपनीचं काम घरातनं करायची, ते सुटलं. आता म्हणे, आज्जी, तुम्ही घरनं इकता त्या कडक भाकरीचं दुकान करते ह्यात. इचारलं न्हाय, सांगितलं. काळ्या पडद्यावर एक वळ लिहिली, एन्टर दाबला, अक्षरं भराभरा पळाली अन् दुकान उभं. माझ्या भाकरीचा फोटू. दुसरी वळ लिहिली, दुकान गायब. एका वळीत उठणारं अन् एका वळीत बसणारं दुकान कुणाच्या भरवशाचं?

६ जाने.
म्हटलं, हाय काय ह्यात? रूपाली म्हणाली, भाकरीचा भाव एका डब्यात, गिऱ्हाईकं दुसऱ्या, ऑर्डरी तिसऱ्या. एकातलं दुसऱ्यात सांडत न्हाय. एक वळ लिहिली की सगळे डबे एकदम चालू.
बरं. पण माझं गिऱ्हाईक हिच्या डब्यात गेलंच कसं?

८ जाने.
ती अंघोळीला गेली, मशीन उघडंच. मराठी तेवढं वाचलं. शांताबाई, मैंदर्गी, पन्नास कडक भाकरी, भोगीच्या आदी पायजेत. मला शब्दानं बोलली न्हाय. म्हंजे भाकरी दुसरीकडनं आणून माझ्या फोटूखाली इकायचा बेत. बघू कुटनं आणती.

९ जाने.
आणलं न्हाय कुटनंच. माझ्या फोटूखालची ऑर्डर बुडायला नको म्हणून शेजारच्या कलव्वाला बोलावलं. सकाळधरनं दोघींनी थापल्या, बारीक जाळावर कडक केल्या, कागदात बांधल्या. रूपालीपुढं ठेवल्या. म्हटलं, धाड तुझ्या शांताबाईला.
ती म्हणाली, "आज्जी, शांताबाई नाहीच कुणी. दुकान चालतंय का बघायला मी खोटी ऑर्डर टाकली. हे सगळं ह्या मशीनपुरतंच हाय, बाहेर कुणाला दिसत नाही."
कलव्वा पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, हिच्यावर पाळत ठिवायच्या नादात माझे पण हात भाजले की.
मी न्हाय हसले. नसलेलं गिऱ्हाईक एवढं बेमालूम करती, तर आणि काय काय करत असंल.

११ जाने.
भाकरी गड्ड्याच्या जत्रंला आलेल्या पावण्यांत खपल्या.
जेवताना इचारलं, दुकान मशीनमधे, मशीन तुझ्या मांडीवर, उद्या पुण्याला निघून गेलीस तर? म्हणाली, त्याची काळजी नको, डबे कुठल्याबी मशीनवर नेले तरी जसंच्या तसं उभं राहतंय. नातवाच्या जुन्या मशीनवर करून दाखवलं. खरंच तसंच.
"मग कुणीबी उभं करंल की."
"कुणीबी नाही आज्जी. ज्याच्याकडं डबे, त्यालाच जमंल."
"अन् डबे कुणाकडं?"
"माझ्याकडं."
तेच म्हणते मी. चाळीस वरसं तवा माझा, अन् डबे हिच्याकडं.

१६ जाने.
संक्रांत झाली. रूपाली अकलूजला माहेरी गेली, आपलं मशीन घेऊन. जाताना जुनं माझ्या हातात दिलं. ह्यात पण सगळं भरलंय म्हणाली, हे तुमचं. ट्रंकेत घालून कुलूप लावलं. खरंच भरलंय का नुसतं माझं तोंड बंद करायला, कोण सांगंल.

१८ जाने.
दुपारी तिचा फोन. "आज्जी, आता दुकान बाहेर काढू का, लोकांना दिसंल असं? तुम्ही व्हय म्हटल्याशिवाय काढत नाही."
एवढ्या गोडीनं का इचारलं असंल?
म्हटलं, थांब, पीठ हाय का बघून सांगते.
पीठ कालच दळून आणलंय.